बर्फाच्या पाण्याचे चार घोट

५ एप्रिल, शनिवार

आज आईंनी मसाल्याचा कागद दीप्तीला दिला.

एकोणीस वर्षं! दर उन्हाळ्यात चारकोपच्या ह्या गच्चीवर मिरच्या मी वाळवल्या, देठं मी खुडली, भाजताना खाट उठला की खोकून खोकून बेजार मी झाले. आणि माप कुणाला? धाकट्या जावेला. जी बोरिवलीच्या बँकेत एसीत बसते आणि जिला लवंग करपली तरी वास येत नाही. आईंनी तिला समोर बसवून एकेक जिन्नस सांगितला, आणि तिनं त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून घेतला. मी तिथेच मशीनवर साडीला पिको करत होते, खडखडाटात अर्धंच ऐकू येत होतं. सासूबाईंना हसत हसत म्हटलं, "आई, मला नाही हो दिलात कधी कागद." तर म्हणतात, "तुका कागद कित्याक व्हयो गो? तुझ्या हातात आसा ता."

म्हणजे हात माझे आणि कागद तिचा. कळलं.

वर ती कागद घेऊन माझ्याकडेच आली. "वहिनी, बघा ना, बरोबर लिहिलंय का?" मी म्हटलं, चष्मा सापडत नाहीये. चष्मा माझ्या डोक्यावर होता. तिनं तो बघितला आणि कागदाची घडी घातली.

संध्याकाळी गच्चीवर मिरच्या गोळा करायला दोघी गेलो. दीप्ती वाकली, चादरीचं टोक धरलं, आणि खाली बसली. "वहिनी, धडधडतंय." झालं! दिवाळीपासून हे सुरू आहे. सुयोग भाऊजी धावले, आई देवाचा अंगारा घेऊन धावल्या, आमचे हे पंखा घेऊन. पाच किलो मिरच्या तीन मजले खाली कुणी आणल्या? मी.

सेक्टरातल्या डॉक्टरांकडे नेईपर्यंत सगळं शांत. मागच्या महिन्यात चोवीस तास छातीवर यंत्र लावून फिरली होती, त्यातही काही आलं नाही. त्या दिवशी नेमकी धडधड रजेवर. डॉक्टर म्हणाले, कधी येतं, किती वेळ राहतं, घरात कुणीतरी लिहून ठेवा. आई लगेच म्हणाल्या, सुनंदा लिवतली, ती घरात असता.

लिहीन ना. त्याच डायरीत लिहीन जी दीप्तीनं बँकेतून आणून दिली. मला एकदा बघायचंच आहे हे नाटक जवळून.

८ एप्रिल, मंगळवार

चोर पकडायचा तर घड्याळ हवं. माझ्या लग्नातलं घड्याळ काढलं, त्याला सेकंदकाटा आहे.

सकाळी ७.४०. दीप्ती चपलेचा पट्टा लावायला वाकली. उठली ती छातीवर हात ठेवूनच. मी मनगट धरलं. पंधरा सेकंदांत सेहेचाळीस ठोके. टाके मोजायची सवय आहे मला, चूक होत नाही. म्हणजे मिनिटाला एकशे चौऱ्याऐंशी. आणि एकसारखे, मशीनच्या टाक्यांसारखे, एकही मागे नाही की पुढे नाही. गळ्याशी कातडी उडत होती, बेडकाच्या गळ्याशी उडते ना, तशी. अकरा मिनिटं चाललं. मग खट्कन बंद. हळूहळू नाही, बटण दाबल्यासारखं. लगेच मोजले, एकोणऐंशी.

मी सायकलीवरून घसरले तेव्हा माझी धडधड अर्धा तास उतरत होती. खरं असतं तर उतरायला वेळ लागतो. नाटकाचाच पडदा असा पडतो.

दुपारी मी स्वतः जिना तीनदा चढून उतरून नाडी मोजली. एकशे अठरा. जास्त काही जाईना. पण दीप्तीच्या बँकेत योगाचे वर्ग होतात. श्वास कोंडून काहीतरी करायला शिकली असेल. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "सुनंदा, तू डिटेक्टिव्ह हो." चेष्टा करा माझी.

१३ एप्रिल, रविवार

आता मला पक्कं कळलं. काम आलं की धडधड येते.

मंगळवारी चपलेला वाकली. गुरुवारी पोतं उचलायला. शुक्रवारी लादी पुसताना बादलीपाशी. आज ओट्याखालचा कुकर काढताना. प्रत्येक वेळी वाकायची वेळ आणि प्रत्येक वेळी बाईसाहेब खाली! आईंना म्हटलं, बघा, खुर्चीत बसून मोबाईल बघताना एकदाही होत नाही. आई उठून तिलाच उशी द्यायला गेल्या. त्यांचा जीव तिच्यात अडकलाय.

खरं लिहायचं तर बुधवारी एकदा तिचं कानातलं पडलं होतं, ते उचलायला वाकली तेव्हाही झालं. त्यात काम काही नव्हतं. वेळ लिहून ठेवली आहे मागच्या पानावर. १८२, सहा मिनिटं.

१७ एप्रिल, गुरुवार

गंमत सापडली.

सोमवारी धडधड सुरू असताना तिनं फ्रीजमधली बाटली तोंडाला लावली आणि घटाघटा प्यायली. खट्कन बंद. मला वाटलं योगायोग. मंगळवारी मी मुद्दाम माठातलं पाणी दिलं. काही नाही, चालूच. मग बर्फ घातलेलं दिलं. चौथ्या घोटाला बंद. आज पुन्हा तसंच. आधी साधं, नाही थांबलं. मग बर्फाचं, तिसऱ्या घोटाला थांबलं. बोटाखाली कळतं, पळणारा ठोका एकदम अडखळतो, क्षणभर काहीच नसतं, आणि मग सावकाश चालायला लागतो.

हे तिच्या लक्षात आलेलं नाही. ती तेव्हा डोळे मिटून असते. मी कुणाला सांगितलं नाही.

आज डोळे उघडून मला म्हणाली, "वहिनी, तुमचा हात मनगटावर असला ना, की भीती नाही वाटत. सुयोग तर नुसता चिडतो." मला कसंतरीच झालं. हिला वाटतंय मी माया करतेय. मी म्हटलं, "बरं बरं, पडून राहा," आणि मशीनवर जाऊन बसले.

२२ एप्रिल, मंगळवार

हे पान कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते.

सकाळी साडेअकराला तिला झालं. बँकेला सुट्टी टाकली होती, घरी आम्ही दोघी आणि आई. ह्या वेळी वीस मिनिटं झाली तरी थांबेना. मनगटावर १८८. आई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता डॉक्टराकडे ने, चालू असताना पट्टी काढून घे, म्हणजे काय ता एकदा कळात. बरोबरच होतं त्यांचं. डॉक्टरही तेच म्हणत होते, एकदा चालू असताना ईसीजी मिळू दे.

रिक्षात बसलो. निघताना मी थर्मास घेतला होता. त्यात बर्फ घातला होता. का घातला, ते मला घालतानाच माहीत होतं.

दवाखान्याच्या दाराशी रिक्षा थांबली तेव्हाही बोटाखाली पळतच होतं. मी झाकण उघडून तिला म्हटलं, "घे, घसा कोरडा पडला असेल." ती प्यायली बिचारी. चार घोट. मला थांबलेलं कळलं. मग तिला हाताला धरून आत नेलं.

ईसीजी एकदम स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, हे टेन्शन आहे, मनाचं आहे, झोपेची हलकी गोळी देतो. भाऊजी ऑफिसातून आले, त्यांनी कागद टेबलावर आपटला. "मी काय सांगत होतो? डोक्यातला प्रॉब्लेम आहे! सगळ्या घराला नाचवतेयस!" दीप्ती माझ्याकडे वळली. "वहिनी, तुम्ही मोजलं होतंत ना? सांगा ना त्यांना." मी म्हटलं, "मोजलं होतं गं, पण मी काय डॉक्टर आहे?"

जेवण छान गेलं मला आज. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

२५ एप्रिल, शुक्रवार

भाऊजी तिच्याशी बोलत नाहीत. गोळीनं ती पेंगते, बँकेत चुका होतात म्हणे. धडधड झाली तरी आता सांगत नाही. काल ओट्यापाशी उभी होती, मला गळ्याशी उडताना दिसलं. मी बघितलं हे तिनं बघितलं. पदर ओढून घेतला.

मी जिंकले म्हणायचं. मग घरात सुतक असल्यासारखं का वाटतंय कोण जाणे.

२९ एप्रिल, मंगळवार

आज अक्षर वाईट येईल.

दीप्ती गच्चीच्या जिन्यावरून पडली. मिरच्यांचं गाठोडं तिनं एकटीनं उचललं. मला हाक मारली नाही. का मारेल? वाकून उचललं, उभी राहिली, दोन पायऱ्या उतरली आणि डोळ्यांपुढे अंधार. मी खालच्या वळणावर होते. तिचं तोंड पांढरंफटक होतं, आणि पडता पडता ओरडली काय, तर "वहिनी!" आई नाही, सुयोग नाही.

कपाळाला सहा टाके. नाडी मी तिथेच पायरीवर मोजली, रक्त पुसायच्या आधी. लागेचनात ठोके हाताला, इतके बारीक आणि इतके जलद. मग मला सुचलं आणि मी आईंना ओरडून सांगितलं, बर्फाचं पाणी आणा. शुद्धीवर आली होती, चार घोट प्यायली, थांबलं.

आई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "तुका कसा म्हायत गो?"

मी म्हटलं, असंच.

नाटकासाठी कुणी कपाळ फोडून घेतं का? मी इतके दिवस स्वतःला काय सांगत होते? एकशे चौऱ्याऐंशी ठोके कुणी श्वास कोंडून काढू शकत नाही, हे मला पहिल्याच दिवशी जिना चढून कळलं होतं. कळलं होतं आणि मी योगाचे वर्ग शोधून काढले.

२ मे, शुक्रवार

अंधेरीच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. डॉ. ऋता चौबळ. हृदयाच्या ठोक्यांच्याच डॉक्टर, बाकी काही बघत नाहीत. वयानं माझ्याएवढ्या, बोलायला सरळ. आजचा ईसीजीही स्वच्छच आला. भाऊजी म्हणाले, "मॅडम, मनाचं असेल का?" त्या म्हणाल्या, "मनानं ठोके वाढतात, पण हळूहळू वाढतात. सुरू कसं होतं, थांबतं कसं, ते कुणी बघितलंय?"

दीप्ती आणि भाऊजी एकदम म्हणाले, वहिनी लिहितात! भाऊजींना तर उमाळाच आला. "दीप्तीजवळ बसून एकेक ठोका मोजलाय मॅडम वहिनींनी."

डायरी माझ्या पर्समध्ये होती. मी म्हटलं, घरी राहिली. डॉक्टर म्हणाल्या, सोमवारी आणून दाखवा, त्यावरच पुढचं ठरवू. हृदयात तारा घालून तपासायचं असेल तर तसं कारण हवं, उगाच आत शिरत नाही मी.

घरी येऊन आमच्या मुलाच्या, ओजसच्या, जुन्या वहीतली पानं फाडली. दहावीचं गणित मागे आहे, असू दे. स्वच्छ प्रत काढतेय. तारीख, वेळ, ठोके, किती मिनिटं. पाण्याचं काही लिहीत नाही. पाण्याचं लिहिलं की बावीस तारखेला काय केलं ते येणारच.

५ मे, सोमवार

एकटीच गेले. प्रत दिली.

डॉक्टरांनी शेवटपर्यंत वाचली. "वाकल्यावर सुरू, एका क्षणात सुरू, ठोके एकसारखे. छान लिहिलंय सुनंदाताई. थांबतं कसं?"

"आपोआप."

"दर वेळी आपोआप? काही खाल्लं, प्यायलं, कुंथलं, उलटी झाली?"

"नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग मी अजून थांबते. ठोके जलद पळायची कारणं चार-पाच असतात, आणि मला अजून सांगता येत नाहीये ह्यातलं कुठलं. ठोके आवरायची गोळी देऊ, आणि पुन्हा पडल्या तर बघू."

पुन्हा पडल्या तर. मी बरं म्हणून बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये बाकावर बसले, तर समोर थंड पाण्याचा कूलर! लोक येतात, पेला भरतात, पितात. कोण कुणाला काय देतंय, कुणी बघत नाही. कपाळावरचे ते सहा टाके मला दिसत राहिले. टाके बरे घातले नव्हते हो, वाकडे होते, माझ्याकडून घालून घेतले असते तर सरळ आले असते. असले काहीतरी विचार करत बसले, आणि मग उठले.

दार न ठोठावताच आत गेले. पर्समधून डायरी काढून टेबलावर ठेवली. "ही खरी. मागची पानं बघा. आणि बावीस एप्रिल."

त्या वाचत होत्या आणि मी टेबलावरचं प्लास्टिकचं हृदय बघत होते. बावीस तारखेच्या पानावर खूप वेळ होत्या. एकदा चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हाकलतात. तर म्हणाल्या, "साधं पाणी आधी दिलंत, मग बर्फाचं. दोन वेळा. हे कुणी सांगितलं तुम्हाला करायला?"

"कुणी नाही. मला तिला पकडायचं होतं."

"पकडलंत," त्या म्हणाल्या.

मग कागदावर काढून दाखवलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली वीज जाते ती मधल्या एकाच दारातून. बहुतेकांच्या दाराशी एक वाट. दीप्तीला दोन, एक जलद, एक सावकाश. वाकलं की कधीतरी एखादा ठोका चुकीच्या वेळी येतो, वीज सावकाश वाटेनं खाली उतरते, जलद वाटेनं पुन्हा वर चढते, आणि मग गोल गोल फिरत राहते. आमच्या सेक्टरात नवीन रिक्षावाला आला की मार्केटभोवती फिरतो, तसंच. वरचे आणि खालचे कप्पे एकदम आवळतात म्हणून गळ्याशी बेडूक उडतो. आणि बर्फाच्या पाण्यानं एक नस चाळवते, ती त्या दाराला क्षणभर थांबवते. दार थांबलं की फेरा तुटला. "म्हणजे फेरा दारातूनच जातो, दुसरीकडून कुठून नाही. बहुधा त्या दोन वाटाच. आता आत शिरून बघायला हरकत नाही. ती सावकाश वाट सापडली तर चटका देऊन बंद करते."

मी विचारलं, "बरी होईल?"

"बहुतेक कायमची. तुमच्या ह्या पानांच्या झेरॉक्स काढून फाइलला लावते."

"बावीस तारखेचं पण?"

"त्यात सगळ्यात चांगली नोंद आहे सुनंदाताई. वीस मिनिटं न थांबलेलं चार घोटांत थांबलं."

मी नको म्हणू शकले असते. नाही म्हटलं.

१४ मे, बुधवार

झालं. मांडीच्या सांध्यातून तारा घालून दोन तास. डॉक्टरांनी आत मुद्दाम धडधड सुरू करून बघितली. वहीत लिहिल्याप्रमाणेच, एकशे शहाऐंशी. मग ती सावकाश वाट शोधून चटका दिला. नंतर परत सुरू करायचा प्रयत्न केला, झाली नाही.

बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या, "निम्मं निदान तुमच्या वहिनींनी केलंय." भाऊजी माझ्या पाया पडले. मला भूमी दुभंगावी असं झालं. आई म्हणाल्या, "सुनंदान वाचयल्यान तुका गो." दीप्तीनं माझा हात धरून ठेवला.

आणि तरी, खरं लिहिते, सगळे तिच्या खाटेभोवती, आई तिच्या केसांवरून हात फिरवताहेत, आणि मला पोटात पुन्हा तीच आग. माझ्या बाळंतपणात आई तीन दिवसांनी आल्या होत्या. माझ्यातला फेरा कुठून फिरतो ते काही ह्या डॉक्टरांना सापडायचं नाही.

१९ मे, सोमवार

फाइल घरी आली. पिवळी. तिच्या कपाटात आहे. तिनं वाचली की नाही, कळत नाही. मला चहा देते, वहिनी म्हणते, हसते. पहिल्यासारखंच हसते की थोडं कमी, हे मी दिवसभर बघतेय.

२४ मे, शनिवार

आभाळ भरून येतंय, मसाला आजच भाजायला हवा होता. आई म्हणाल्या, दोघी करा, माका उभा रव्हूक होणा नाय. कढई मी ठेवली. दीप्ती आतून पिवळी फाइल घेऊन आली.

तिनं फाइलीतून मसाल्याचा कागद काढला आणि ओट्यावर, माझ्यासमोर ठेवला. ह्या वेळी चष्मा डोळ्यांवर होता.

मिरच्यांची वजनं लिहिली होती. पुढे मोत्यासारख्या अक्षरात: धणे, कधी उतरवायचे? वहिनींना विचारणे. बडीशेप, किती भाजायची? वहिनींना विचारणे. दगडफूल, आधी की नंतर? वहिनींना विचारणे. पानभर तेच. तळाशी आईंच्या वाकड्या हातानं, चौथीपर्यंतच्या शाळेतल्या: सुनंदाक इचारल्याशिवाय कढई ठेव नको.

दीड महिना हा कागद ह्या घरात होता. मी वाचला नव्हता.

"विचारायचं लिहिलंय," दीप्ती म्हणाली. "म्हणून विचारते." कागदाच्या खाली दुसरा कागद होता, झेरॉक्स. बावीस एप्रिल. माझं अक्षर. "का, वहिनी?"

धणे तडतडायला लागले होते. मी कलथा फिरवत राहिले. खोटं काहीतरी शोधत होते, सापडलं असतं तर बोलले असते. "जळले गं तुझ्यावर," मी म्हटलं. "ह्या कागदावरून. दुसरं काही नाही."

तिनं झेरॉक्स परत फाइलीत ठेवली. रडली नाही. मग म्हणाली, "धणे उतरवायचे का?" मी म्हटलं, अजून थोडे. ती शेजारी उभी राहून रंग बघत होती. मी म्हटलं, आता. तिनं कढई उतरवली. मग ओट्याखालची परात काढायला ती वाकली, आणि आम्ही दोघी थांबलो. ती वाकलेलीच, मी कलथा धरून. ती सावकाश उभी राहिली. माझा हात आपोआप तिच्या मनगटावर गेला. तिनं काढून घेतला नाही. पंधरा सेकंद. वीस ठोके. ऐंशी.

लवंगा, दालचिनी, नागकेशर, सगळं झालं तोवर दोघींचे डोळे लाल झाले होते, खाटानं. तिला खोकला आला. मी पेला घेतला आणि तशीच उभी राहिले.

"माठातलं देऊ की फ्रीजमधलं?"

"तुम्ही द्याल ते," दीप्ती म्हणाली.